दुबईच्या विमानतळावर चार तास

पेण आणि रोहे या आमच्या दोन गावांतील ओळखीच्या घरी हल्ली गेले असता, दिवाणखान्यात गणपतीच्या तसबिरीशेजारी एक छायाचित्र हटकून दिसते. बर्फात उभी असलेली सून, तिच्या कडेवर टोपडे घातलेले मूल आणि मागे लाल विटांचे घर. यजमानीणबाई चहा ठेवता ठेवता सांगतात, “आम्हांलाही आता जायचे आहे हो, व्हिसा आला, पण मध्ये ते विमान बदलायचे आहे ना, त्याचाच धसका घेतलाय यांनी.” जाण्याचा हर्ष आणि मध्येच विमान बदलण्याचे भय, अशी ही संमिश्र अवस्था आम्ही स्वतः भोगलेली आहे. सबब, परदेशी मुलाबाळांकडे प्रथमच निघालेल्या वडील मंडळींसाठी आमच्या अनुभवाचे चार शब्द येथे मांडण्याचे योजिले आहे.

आमच्या पूर्वजांना समुद्रगमनाचे भय होते, ते प्रायश्चित्ताचे. पुढे ते मावळले. रोह्याच्या घराण्यातील चिंतामणराव देशमुख १९१५ साली केंब्रिजला गेले, १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेत पहिले आले आणि १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. परंतु त्या काळच्या उतारूस बोटीवर कित्येक दिवस मिळत. परक्या चालीरीती, परके अन्न, परकी बोली यांची सवय वाटेतच होत असे. आज मुंबईहून निघालेला मनुष्य सुमारे तीन तासांत दुबईस उतरतो. देह पोहोचतो, मन मात्र अजून वडखळ नाक्यावरच रेंगाळत असते! आमच्या मते अर्धा घोटाळा येथेच होतो.

युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या आपल्याकडील पुष्कळ मंडळींस दुबई येथे विमान बदलावे लागते, म्हणून तेच उदाहरण घेतो. १९६० साली उघडलेला हा विमानतळ आज आंतरराष्ट्रीय उतारूंच्या संख्येने जगात पहिला गणला जातो. २०२४ या एका वर्षात तेथून ९ कोटी २३ लाख उतारूंनी ये-जा केली, आणि त्यांत हिंदुस्थानाशी असलेली रहदारी सर्वांत मोठी होती. म्हणजे तेथे आपण कोणी अपूर्व प्राणी नव्हे. आपल्यासारखी धोतर-नऊवारीतील माणसे तेथील नोकरवर्गाने हजारो वेळा पाहिलेली आहेत, ही गोष्ट प्रथम मनाशी पक्की करावी.

घरून निघताना

पहिली चूक घराच्या उंबऱ्यातच होते. मुंबईस आता दोन विमानतळ आहेत. एक सहारचा जुना. दुसरा आमच्याच रायगड जिल्ह्यात पनवेलनजीक झालेला नवी मुंबईचा. या दुसऱ्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले व २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून विमाने सुटू लागली. तो पेणकरांस जवळ, म्हणून आपले विमान तेथूनच सुटणार असे गृहीत धरू नये. तिकिटावर ‘बी. ओ. एम.’ ही अक्षरे असली तर सहार, आणि ‘एन. एम. आय.’ असली तर नवी मुंबई. तीन अक्षरे वाचण्याचा आळस केला तर ऐन वेळी सारी मुंबई ओलांडण्याचा प्रसंग येईल.

सुटण्याच्या वेळेपूर्वी तीन तास विमानतळावर असावे, हा सर्वसाधारण नियम. परंतु रोह्याहून नागोठण्यावरून येणाऱ्याने त्यात पावसाळ्याचे, गणपतीचे व शनिवार-रविवारचे तास वेगळे मिळवावेत. गोवा महामार्गाचा स्वभाव ठाऊक असूनही जो त्याच्यावर विसंबतो, त्याचे विमान चुकल्यास दोष रस्त्याचा नव्हे.

तिकिटाविषयी एक मुद्दा मुलांना आधीच विचारून घ्यावा. संपूर्ण प्रवासाचे तिकीट एकच आहे की दोन निरनिराळी? एकच असेल तर मुंबईस दिलेले मोठे सामान बहुधा परस्पर पुढच्या विमानात चढते. दुबईस त्याची चिंता नको. सामान देताना मिळणाऱ्या चिठ्ठीवर शेवटच्या गावाची अक्षरे आहेत ना, एवढे पाहावे. अमेरिकेस जाणाऱ्याने मात्र त्या देशातील पहिल्या विमानतळावर सामान स्वतः उचलून, तपासणी करवून, पुढे जायचे असल्यास पुन्हा द्यावयाचे असते. स्वस्ताईसाठी दोन वेगळी तिकिटे काढली असतील, तर सामान दुबईसच बाहेर येण्याचा संभव असतो, आणि ते घेण्यास बाहेर पडायचे म्हणजे त्या देशाचा व्हिसा लागतो. चार पैसे वाचविण्याच्या नादात वृद्ध आईबापांना या जंजाळात टाकू नये, असे आमचे मुलांनाही सांगणे आहे.

शिदोरीचा विवेक

आता गृहिणींसाठी अत्यंत महत्त्वाची गोष्ट. लेकीकडे जायचे म्हणजे अनारसे, करंज्या, डिंकाचे लाडू, लोणचे, मेतकूट हे आलेच. पण अनारशावर आपण खसखस लावतो, आणि करंजीच्या सारणातही घालतो. अफूच्या बोंडातील बी म्हणून खसखस त्या देशात कायद्याने निषिद्ध आहे; आणि केवळ विमान बदलण्यासाठी उतरलेला मनुष्यही त्याच देशाच्या भूमीवर असतो, हे विसरू नये. विड्याची पाने व पानाचे साहित्य यांचीही तीच गोष्ट. ओटीसाठी वा सत्यनारायणासाठी म्हणून पिशवीत टाकलेली पाने अडचणीत आणतील. ओटी तेथील तांदळाने भरावी. लेकीस ती तितकीच पावते.

सुके खोबरे त्यातील तेलामुळे आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या जिनसांत गणलेले आहे. तेव्हा वाटी असो वा कीस, विमान कंपनीस विचारल्यावाचून बांधू नये. कापूर व काडेपेटी तर घरीच ठेवावी. तूप, मध, लोणच्याचा खार, खोबरेल हे सारे तपासणीवाल्यांच्या लेखी द्रव पदार्थच होत. ते हातातील पिशवीत शंभर मिलिलिटरहून मोठ्या बाटलीत चालत नाहीत. बाटली अर्धी रिकामी आहे ही सबब ऐकून घेत नाहीत. असे पदार्थ मोठ्या सामानात, घट्ट बांधून घालावेत. अमेरिकेस जाणाऱ्याने कढीलिंब, ताजी फळे व बियाणे नेऊ नयेत, आणि खाण्याचे जे काही जवळ असेल ते तेथील अधिकाऱ्यास विचारण्याआधीच सांगून टाकावे. सांगितल्याने फार तर जिन्नस जातो. लपविल्याने दंड होतो.

औषधांसंबंधी विशेष दक्षता हवी. खोकल्याच्या व तीव्र वेदनेच्या काही औषधांत कोडीन, ट्रामाडॉल यांसारखी द्रव्ये असतात. त्यांवर त्या देशात कडक निर्बंध आहेत. डॉक्टरांस स्पष्ट विचारावे, मूळ वेष्टनातच औषधे न्यावीत आणि इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी बरोबर ठेवावी. निदान तीन दिवसांची औषधे हातातील पिशवीत असलीच पाहिजेत. १६ एप्रिल २०२४ रोजी दुबईस विक्रमी पाऊस होऊन धावपट्ट्यांवर पाणी साचले व शेकडो विमाने रद्द झाली. २३ जून २०२५ च्या रात्री आखातातील लढाईमुळे त्या भागातील आकाशमार्ग काही तास बंद झाले. अशा वेळी मोठे सामान कोठे असते व आपण कोठे असतो! मधुमेहाची गोळी पेटीत आणि पेटी विमानाच्या पोटात, अशी स्थिती होऊ नये. निघण्यापूर्वी त्या प्रदेशातील परिस्थितीची चौकशी करणे हाही प्रवासाच्या तयारीचाच भाग समजावा.

भ्रमणध्वनीस विद्युत् पुरविणारी पेटी, जिला ‘पॉवर बँक’ म्हणतात, ती हातातील पिशवीतच ठेवावी; मोठ्या सामानात ती चालत नाही. एमिरेट्स कंपनीने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात तिचा वापरही बंद केला आहे. म्हणून भ्रमणध्वनी घरूनच पुरता भारून न्यावा.

मौन विमानतळ

आता दुबईस उतरल्यावर. आपली ही मंडळी पेणच्या एस. टी. स्थानकावर वाढलेली. तेथे गाडी लागली की ध्वनिक्षेपक गर्जतो, वाहक गावांची नावे पुकारतो, आणि इतके करूनही कोणी राहिलाच तर शेजारचा मनुष्य “अहो काका, तुमची गाडी!” म्हणून हलवतो. दुबईस यातले काही नाही. तो ‘मौन’ विमानतळ आहे. अमुक विमान सुटत आहे, अशी घोषणा तेथे साधारणपणे होत नाही. ज्याने त्याने फलक पाहावा आणि आपल्या द्वाराशी जावे. कानांवर विसंबण्याची आपली जन्माची सवय. तेथे सर्व भिस्त डोळ्यांवर. हे ज्याच्या ध्यानात आले, त्याने अर्धा गड जिंकला.

विमानातून बाहेर पडताच दोन प्रकारच्या पाट्या दिसतात. ‘अरायव्हल्स’ अथवा ‘बॅगेज’ ही वाट गावात जाणाऱ्यांची. ती आपली नव्हे. ‘कनेक्शन्स’ अथवा ‘ट्रान्सफर्स’ ही आपली. त्या वाटेने गेल्यावर हातातील सामानाची पुन्हा तपासणी होते. तेव्हा पाण्याची बाटली आधीच रिकामी करावी. पुढे मोठे फलक लागतात. त्यांवर आपल्या विमानाचा क्रमांक शोधावा. गावाच्या नावाने शोधू नये, कारण एकाच गावास दिवसातून अनेक विमाने जातात. क्रमांकापुढे द्वार लिहिलेले असते. एक अक्षर व एक संख्या. एमिरेट्सची विमाने ज्या तिसऱ्या टर्मिनलवरून सुटतात, तेथे ए, बी आणि सी असे द्वारांचे तीन विभाग आहेत. ए आणि बी यांच्यामध्ये आगगाडी धावते. पहिल्या टर्मिनलची डी द्वारेही आगगाडीनेच गाठावी लागतात. दुसरे टर्मिनल तर धावपट्ट्यांच्या पलीकडे आहे; तेथून पुढचे विमान असणाऱ्यास विमानतळाच्या बसने नेतात. तेव्हा अक्षर म्हणजे गाव आणि संख्या म्हणजे घर, असे समजावे.

घड्याळाचीही एक गोम आहे. दुबईचा काळ आपल्याहून दीड तास मागे. आपल्याकडे पहाटेचे चार, तेव्हा तेथे रात्रीचे अडीच. तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. मनगटावरील घड्याळ उतरताच लावून घ्यावे किंवा सरळ खिशात टाकावे व भिंतीवरील वेळ पाहावी. द्वार सुटण्याच्या वेळेआधी सुमारे वीस मिनिटे बंद होते. आपण तासभर आधी तेथे असावे. डुलकी घ्यायची तर दोघांपैकी एकाने जागे राहावे.

आमची स्वतःची फजिती

एवढे शहाणपण आम्हांस कोठून प्राप्त झाले, असे कोणी विचारील. ते फजितीतून प्राप्त झाले. दोन वर्षांपूर्वी आमच्या कन्येचे दिवस भरत आले होते, म्हणून आम्ही उभयता अमेरिकेस निघालो. दुबईस चार तासांचा अवकाश होता. फलकावर आमचे द्वार ‘बी २४’ असे होते. आम्ही ते वाचले, आणि टिपणवहीत ‘२४’ एवढेच लिहिले. पुढे ‘२४’ अशी पाटी दिसताच तिच्यासमोर ठाण मांडले. ती ‘ए २४’ होती.

तास गेला, दुसरा गेला. द्वारावरील फलक कोरा होता. तोही आम्ही शुभशकुनच मानला. गर्दी जमत नव्हती, तेव्हा आम्ही वेळेआधी आल्याबद्दल स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. सौभाग्यवती दोनदा म्हणाल्या, “अहो, एकदा कुणाला तरी विचारा ना.” आम्ही उत्तर दिले, “मला पाटी वाचता येते.” जुन्या अकरावीची मॅट्रिक आणि छत्तीस वर्षांची संस्कृतची मास्तरकी यांचा तो अहंकार बोलत होता. शेवटी त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, फरशी पुसणाऱ्या एका तरुणाकडे गेल्या आणि आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत विचारते झाल्या. त्याने पास पाहिला, घड्याळ पाहिले, फडके तेथेच ठेवले आणि “माताजी, जल्दी चलिए” म्हणत आम्हांस आगगाडीच्या दाराशी आणून सोडले. आम्ही बी २४ ला पोहोचलो तेव्हा द्वार मिटण्यास काहीच मिनिटे उरली होती. त्या तरुणाचे नाव विचारण्याचेही भान राहिले नाही, याची खंत आजही वाटते.

आसनावर बसल्यावर सौभाग्यवतींनी एवढेच म्हटले, “जन्मभर पोरांना सांगितलेत, न समजले तर विचारा, लाजू नका. ते काय फक्त पोरांसाठी होते?” याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. आम्ही पोहोचलो त्याच्या तिसऱ्या दिवशी नात जन्मास आली. प्रसववेदना सुरू झाल्या तेव्हा तिची आजी तिच्या आईच्या उशाशी होती. ते विमान चुकले असते तर नसती. वर्गात एखाद्या पोराने अक्षर गाळले की आम्ही अर्धा गुण कापत असू. येथे एका गाळलेल्या अक्षराची किंमत काय झाली असती, याचा विचार करवत नाही. आणि गंमत पाहा, अंक मात्र आम्ही बिनचूक लिहिला होता. जे अंक आपल्या देशातून अरबांकडे गेले आणि ज्यांना अरबी लोक आजही ‘हिंदी अंक’ म्हणतात, ते ओळखीचे वाटले. परके अक्षर तेवढे सुटले.

चाकांची खुर्ची

गुडघे दुखत असून जी मंडळी चाकांची खुर्ची मागत नाहीत, त्यांत लाजेचा अंश मोठा. “लोक काय म्हणतील, एवढी का मी अपंग?” परंतु तेथील अंतरे लांब, सरकते जिने उंच, आणि साडीचा काठ सांभाळताना तोल जातो. खुर्चीस मूल्य पडत नाही. निदान दोन दिवस आधी विमान कंपनीस कळवावे व मुंबईस सामान देताना पुन्हा सांगावे, म्हणजे दुबईस मनुष्य घेण्यास येतो. उलट, धडधाकट असून केवळ इंग्रजीच्या भयाने खुर्ची मागणारेही पुष्कळ आहेत. त्यांनी विचार करावा. खुर्चीवाल्या उतारूंस बहुधा सर्वांच्या शेवटी उतरवितात, आणि एका खऱ्या गरजू वृद्धेस आपल्यामुळे खोळंबावे लागते. ज्यास भाषेचे भय आहे, त्याने खुर्ची मागण्याऐवजी मदत मागावी. तेथील कामगारवर्गात हिंदी जाणणारे पावलोपावली भेटतात.

आणखी एक सूचना पुरुषमंडळींस. नवराबायको दोघांचेही पासपोर्ट यजमानांच्या खिशात, हा आपल्या घरांतला शिरस्ता. तो येथे मोडावा. एक जण खुर्चीत व एक जण पायी असले की ताटातूट होते. मग जिच्या हाती कागद नाही, ती माउली कोणास काय सांगणार? प्रत्येकाने आपला पासपोर्ट व पास आपल्याजवळ ठेवावा. शिवाय दोघांनीही एकेक जाड कागद गळ्यातील पिशवीत बाळगावा. त्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत स्वतःचे नाव, दोन्ही विमानांचे क्रमांक, मुलाचा वा मुलीचा दूरध्वनी देशाच्या क्रमांकासह, आणि घेत असलेली औषधे. बोलता आले नाही तरी हा कागद दाखविता येतो. भ्रमणध्वनी बंद पडतो. कागद पडत नाही. जेवणाचेही असेच. ‘एशियन व्हेजिटेरियन’ भोजन आधी सांगून ठेवले तर उपाशी राहण्याची पाळी येत नाही, आणि कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांनी जैन भोजन मागावे.

असो. सूचना पुष्कळ झाल्या. त्या सर्व स्मरणात राहणार नाहीत, हे आम्ही मास्तर असल्याने जाणतो. सर्व विसरले तरी चालेल; एक मात्र विसरू नये. परक्या विमानतळावर अज्ञान हा दोष नाही. तेथे आलेला प्रत्येक मनुष्य त्या घटकेस अज्ञानीच असतो. अज्ञान झाकणे हा दोष आहे. फलक वाचावा, अक्षरासकट वाचावा, आणि वाचूनही खात्री करण्यास जो प्रथम दिसेल त्यास विचारावे, मग तो गणवेशातला अधिकारी असो की फरशी पुसणारा पोर असो. विचारणाऱ्याचे फार तर दोन शब्द खर्च होतात. पलीकडे कोणी दारात उभे राहून आपली वाट पाहत असते.